येता-जाता एक फांदी

आमचं भांड्यांचं दुकान बंद पडलं तेव्हा मी मनातून खूश झाले होते, हे आधीच सांगून टाकते. लग्न झाल्यापासून आम्ही त्या दुकानाच्या डोक्यावरच राहत होतो. खाली घागरीवर नाव कोरायचं मशीन सुरू झालं की वर माझ्या दातांत कळ यायची. माझी नोकरी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात, स्टोअरच्या ऑफिसात. दिवसभर तिथला आवाज आणि घरी आलं की हा. पुढं लोक कढया-पातेली मोबाइलवरून मागवायला लागले, नवऱ्याची कंबर धरली आणि एक दिवस शटर खाली आलं ते आलंच. तोवर मीही रिटायर झाले होते.

भर बाजारातली जागा. बसस्टँडवरून सरकारी दवाखान्याकडे जाणारी सगळी माणसं आमच्या ओट्यासमोरून जातात. त्यामुळे भाड्यानं मागायला बरेच जण आले. औषधवाला आला, मोबाइलवाला आला, केकवाला आला. नवरा प्रत्येकाला चहा पाजायचा, त्याच्या धंद्याची सगळी माहिती काढायचा आणि शेवटी नाही म्हणायचा. "एक डाव भाडेकरू घुसला का मंग तोच आपल्याले घराबाहेर काढते," हे त्याचं तत्त्वज्ञान. मी म्हणायचे, मग चहाचंच दुकान काढा, नाहीतरी तेच चाललंय.

त्या वर्षी घरात आम्ही तिघं होतो. तिसरी माझी वहिनी. माझा मोठा भाऊ मूलच्या पुढच्या आमच्या गावी धानाची शेती करायचा. एका उन्हाळ्याच्या तोंडाशी तो पहाटे मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं मारला. आमच्या जिल्ह्यात हे वाक्य लोक पेपरात वाचतात आणि पान उलटतात. मीही उलटत होते. ते आपल्या घरात आलं की मात्र पान उलटता येत नाही.

वहिनी त्या पहाटे त्याच्याबरोबरच होती. काय झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं आणि तोंड मिटलं. गावात ती एकटी राहीना तेव्हा मी तिला घेऊन आले. शेत ठेक्यानं दिलं. आमच्याकडे आल्यापासून ती गॅलरीत बसून असायची. वाढलं तर जेवायची, विचारलं तर बोलायची. जिना उतरून खाली रस्त्यावर म्हणून गेली नाही. सुरुवातीला मी तिला बाजारात चल, देवळात चल म्हणून मागं लागायचे, चिडायचेही. मला माणूस नुसतं बसलेलं पाहवत नाही, तो माझा स्वभाव आहे. मग एक दिवस भाजी निवडता निवडता ती आपण होऊन म्हणाली, "बाई, माही फांदी राह्यली ना."

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडच्या जंगलात वाघानं माणूस मारला की त्या जागी ढीग होतो. पहिल्या फांद्या घरचे टाकतात. मग त्या वाटेनं येणारा-जाणारा प्रत्येक जण टाकतो. मेलेल्याची ओळख असायची गरज नाही. जवळच्या झाडाची डहाळी हातानं मोडायची, तिला कुऱ्हाड किंवा विळा लावायचा नाही. ती ढिगावर टाकायची आणि पुढं चालायचं. मागं वळून पाहायचं नाही. का, ते कुणी धड सांगत नाही. लहानपणी मामाच्या गावाला जाताना मी अशाच एका ढिगावर पळसाची डहाळी टाकली होती आणि चार पावलांवर जाऊन वळून पाहिलं होतं. आईनं अशी चापट मारली की पुढच्या सगळ्या वाटेवर माझा कान वाजत होता.

भावाच्या जागेवर आम्ही सगळे गेलो तेव्हा वहिनी त्या जागेच्या अलीकडेच एका झाडाखाली बसली. उठवलं तर उठेना. "मांगून टाकीन," म्हणाली, म्हणजे नंतर. आम्ही टाकल्या, गाववाल्यांनी टाकल्या, तिची राहिली. त्यानंतर त्याच भागात आणखी दोन बायका वाघाच्या तडाख्यातून थोडक्यात वाचल्या आणि जंगलखात्यानं ती वाट बंद केली. खंदक खणला, तार लावली, चौकीदार बसवला. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण वाट बंद झाली म्हणजे येणारा-जाणारा संपला. ढीग तसाच पडून राहिला आणि वहिनीच्या 'मांगून'ला जायला जागाच उरली नाही. टाकल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि ती खरोखरच पुढं जात नव्हती.

तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, नागपूरला चित्रकला शिकली आणि वडशाला नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायची. आमच्याकडे झाडीपट्टीत हिवाळाभर गावोगाव नाटकं होतात. त्यांना महालाचा पडदा लागतो, रस्त्याचा लागतो, जंगलाचा लागतो. तिचा जंगलाचा पडदा उघडला की लोक टाळ्या वाजवतात, असं मी ऐकून होते. संक्रांतीच्या सुमारास ती आली, आईजवळ बसली. मग माझ्याकडे स्वयंपाकघरात आली.

"आत्या, खालचं दुकान रिकामंच हाय ना? मले होळीपर्यंत देता का?"

"कायले?"

"बाबासाठी. तिकडची वाट बंद हाय. इथून त माणसं जातेत ना."

मला एकदम कळलं आणि एकदम भीतीही वाटली. मी म्हटलं, तुझ्या मामाजींना विचार; आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजीच म्हणतात. मला वाटलं होतं नवरा तिलाही चहा पाजून नाही म्हणेल. त्यानं चहा पाजला आणि किल्ली दिली. "पोरगी थोडीच भाडेकरू असते," म्हणाला.

तिनं दुकानाच्या मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत जंगल रंगवलं. साग, ऐन, मोह, बांबूची बेटं आणि मधून जाणारी एक पायवाट. ती वाट भिंतीवरून उतरून दुकानाच्या फरशीवर यायची, कारण फरशीवर तिनं खरीच माती आणि खराच पाला पसरला होता. रस्त्यावरून पाहिलं तर वाट कुठं रंगाची आहे आणि कुठं मातीची आहे ते पटकन समजायचं नाही. पुढच्या बाजूला मधोमध तिनं स्वतःची एक फांदी ठेवली. ओट्यावर पाटी लावली: येता-जाता एक फांदी टाका आणि पुढं चाला. खाली नवऱ्यानं आपल्या हातानं खडूनं लिहिलं: थुंकू नये.

पहिल्या दिवशी वहिनीनं गॅलरीतून वाकून पाटी पाहिली, लेकीला वर बोलावलं आणि कितीतरी दिवसांनी आवाज चढवला.

"बापाचा तमाशा मांडला तुनं, भर बाजारात."

"तमाशा नाई, आई. फांदी टाकाची जागा केली."

"जागा तिथी हाय. जिथी ते पडले तिथी. भांड्याच्या दुकानात कोणाची जागा असते?"

"तिथी जाता येत नाई ना, आई."

"त नाई टाकत." वहिनीनं गॅलरीचं दार लावून घेतलं. भाची जिन्यातच रडली. मी तिला पाणी दिलं आणि मनातल्या मनात दोघींवरही चिडले. दोघींचंही बरोबर होतं, म्हणून जास्त चिडले.

दुकान सकाळी उघडायचं आणि दिवेलागणीला बंद व्हायचं. सुरुवातीला लोक थांबायचे, आत पाहायचे आणि विचारायचे ते आपल्या परीनं. "कशाचं दुकान टाकून राह्यले?" "सरपण इकता का?" "शूटिंग हाय का कशाचं?" एका बाईनं बांबूचा भाव विचारला. सगळ्यात जास्त विचारलं जायचं ते म्हणजे, वाघ कुठी हाय. लोक भिंतीजवळ जाऊन बांबूच्या बेटात शोधायचे. समोरचा फळवाला तर रोज म्हणायचा, "एक वाघ काढून टाक ना बाई, जंगल हाय त." भाची ब्रश धुता धुता म्हणाली, "दिसत नाई तो भाऊ. कोणालेच दिसत नाई." त्यानंतर फळवाल्यानं वाघाचं नाव काढलं नाही.

भिंत मात्र रोज बदलायची. बाहेर जंगलात जे होत होतं ते ती आत करायची. पानगळ सुरू झाली तशी तिनं सागाची पानं एकेक करून पुसली आणि फरशीवर खरी पानं वाढवली. ऐन उघडा झाला. उन्हाचा रंग पांढरा होत गेला. मग एका सकाळी पायवाटेच्या वळणावर पळस फुलला आणि दवाखान्याकडे जाणाऱ्या दोन नर्सबाई उशीर होत असूनही उभ्या राहिल्या. लोकांना रोज काय बदललं ते शोधायचा नाद लागला. शाळेत जाणाऱ्या मुली तर आपसांत पैज लावायच्या.

नवऱ्यानं आपली जुनी गल्ल्याची खुर्ची ओट्यावर काढली आणि राखणदार झाला. आधी तो नुसता बसायचा, मग समजावून सांगायला लागला, मग भाचीपेक्षा जास्त समजावून सांगायला लागला. मी वरून ऐकायचे. त्याच्या बोलण्यात पळसाच्या जागी पांगारा असायचा आणि माझा भाऊ मुळात होता त्यापेक्षा वीतभर उंच झाला होता. पण तो त्या कामात रमला होता. कंबरदुखीचं नावही घेत नव्हता. मी काही बोलले नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

त्याची एकच तक्रार होती. एका दुपारी अहेरीच्या बसनं आलेलं एक म्हातारं जोडपं हातात दवाखान्याची पिशवी घेऊन ओट्यापाशी थांबलं. त्यांना पाटी वाचता येत नसावी. म्हाताऱ्यानं आत पाहिलं, बायकोकडे पाहिलं. आमच्या दारातल्या कडुनिंबाची डहाळी त्यानं मोडली, बायकोनंही मोडली, दोघांनी ढिगावर टाकल्या आणि चालू लागली. नवऱ्यानं हाक मारली, "भाऊ, थांबा ना, चहा घ्या." ती वळली नाहीत. पुन्हा मारली. तरी नाही.

"बहिरे होते वाटते दोघंही," तो वर येऊन म्हणाला. "असेच येतेत लोक. टाकतेत अन् चालले जातेत. माणसानं हाक मारली त पाहावं तरी."

नवरा चंद्रपूरच्या कोटाच्या आत जन्मलेला. जंगलाशी त्याचा संबंध सहलीपुरता. मी त्याला रीत सांगितली. त्यानंतर तो हाका मारायचा नाही, पण चहाचा थर्मास जवळ ठेवायचाच. गॅलरीच्या दाराआड वहिनी बसली होती. तिनं हे सगळं ऐकलं असणार. दार लावलेलं असलं तरी त्याला फट होती.

माघ सरत आला तसा ढीग अचानक वाढायला लागला. आधी दिवसाला काही डहाळ्या पडायच्या, आता सकाळी शटर उघडायच्या आधीच ओट्यावर लाकडं आणून ठेवलेली असायची. मोडक्या खाटेचे पाय, पेरूच्या पेट्या, दाराची कुजलेली चौकट, शाळेच्या बाकाची फळी. भाची हरखून गेली.

"आत्या, पाहा ना. शहरातल्या माणसाजवळ झाड कुठी हाय? त तो घरातलं मोडकं आणून टाकून राह्यला. जे हाय ते." तिचे डोळे भरून आले होते. नवरा येणाऱ्या प्रत्येकाला "टाका, टाका, आतमंधी टाका" म्हणत होता. ढीग माझ्या छातीपर्यंत आला. भाचीनं भिंतीवर मोहाच्या फांद्यांना कळ्या काढल्या. ती रात्री जेवताना आईला सांगायची, आज इतकं झालं, आज तितकं झालं. वहिनी खाली मान घालून जेवायची. मला खोटं बोलता येत नाही, मलाही वाटायला लागलं होतं की कुणाला ठाऊक, पोरीचा बाप आता आपल्या गल्लीचाही कुणी झाला असेल.

मग एका सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले आणि पाहिलं, दुकानाबाहेरच्या खिळ्याला कुणीतरी चाकोल्यांची माळ अडकवली होती. शेणाच्या छोट्या, मधे भोक पाडलेल्या चकत्या, सुतळीत ओवलेल्या. विदर्भात जन्मलेल्या कुणालाही ती माळ कशाची ते विचारावं लागत नाही. ती होळीची असते. होळीत टाकायची.

आमच्या चौकातली होळी दरवर्षी पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर जमवलेल्या लाकडांवर पेटते. त्या प्लॉटला यंदा कंपाउंड पडलं होतं. लोकांनी आमच्या दुकानात लाकडं रचलेली पाहिली आणि यंदा जमवायची जागा इथं, असं धरून चालले. त्यांचं तरी काय चुकलं? फाल्गुनात उघड्या जागी लाकडांचा ढीग, शेजारी खुर्ची टाकून बसलेला म्हातारा, आणि तो म्हणतोय, टाका, टाका.

भाचीला मी सांगायच्या आत तिनं ती माळ पाहिली. तीही त्याच मातीची. माळ खिळ्यावरून काढली नाही, फोटो काढायला उचललेला मोबाइल तेवढा खिशात ठेवला.

होळीच्या दिवशी सकाळीच चौकातल्या मंडळाची माणसं हातगाडी घेऊन आली. सगळी ओळखीची, बायकापोरांची माणसं. त्यांच्यातल्या एकानं नवऱ्याचा हात हातात घेऊन हलवला. "काका, यंदा तुमच्यानं लय मोठी होळी होऊन राह्यली. तुम्ही जागा नसती देली त आमची पंचाईत होती." नवरा माझ्याकडे पाहायला लागला. मंडळासमोर त्याला 'हे होळीचं नाही' असं म्हणवेना, आणि 'आहे' असंही म्हणवेना.

भाची ओट्याच्या पायरीवर बसली. "घेऊन जाऊ द्या त्याहिले, मामाजी. त्याहिचंच हाय. बाबासाठी कोणी काही टाकलंच नाई. सगळं होळीचं."

मी तिच्या शेजारी बसले. असं नाही गं, म्हणाले, पण मला तरी कुठं माहीत होतं. त्या दोन म्हाताऱ्यांच्या डहाळ्या मी पाहिल्या होत्या, बाकीचं काय ते ढिगाखाली होतं. मंडळाच्या माणसांनी खाटेचे पाय काढले, पेट्या काढल्या. एकानं आत हात घालून खालच्या फांद्यांचा भारा ओढला.

"ते नाई." वरून आवाज आला. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. गॅलरीचं दार उघडं होतं आणि वहिनी कठड्याला धरून उभी होती. "ते ठेव. ते हातानं मोडलेलं हाय."

मग ती जिना उतरून खाली आली. डोक्यावरचा पदर नीट करत, अनवाणी. मंडळाचा माणूस भारा तसाच धरून उभा होता. वहिनीनं तो त्याच्या हातातून घेतला आणि बाजूला ठेवला.

"बाई, आमाले माहीत नोहोतं," तो म्हणाला.

"तुमचं तुम्ही न्या ना. कोणी नाई म्हणत नाई. होळीचं लाकूड होळीलेच गेलं पाहिजे." ती ढिगापाशी खाली बसली. "करवतीनं कापलेलं तुमचं. कुऱ्हाडीचं तुमचं. हातानं मोडलेलं इथीच राहीन."

यात कळायला अवघड काही नव्हतं, कुणीही ओळखावं इतकं ते साफ होतं. कापलेल्या लाकडाचं तोंड सपाट असतं आणि मोडलेल्या डहाळीच्या टोकाला साल लोंबते. मंडळाची माणसं, नवरा, मी, सगळे खाली बसून निवडायला लागलो. भाची तेवढी पायरीवरून उठेना. तिला त्या ढिगातून काय उरणार ते पाहायचं नव्हतं. मीही मनात धरलं होतं की मूठभर उरेल.

फळ्या गेल्या, चौकट गेली, चाकोल्यांची माळ त्यांच्या गाडीवर गेली. आणि खालून निघतच राहिलं. कडुनिंबाच्या डहाळ्या, वाळून कुरकुरीत झालेल्या. साग, पळस, मोह. हे काही आमच्या रस्त्यावर उगवत नाही, कुणीतरी गावाहून येताना बसमध्ये मांडीवर धरून आणलं असणार. करंज, गुलमोहर, एक डाळिंबाची काडी, कुणाच्या कुंडीतली तुळस. लोकांनी टाकलं होतं, रोज थोडं थोडं, आणि वरून होळी पडत गेली म्हणून ते झाकलं गेलं होतं. शेवटी कमरेएवढा ढीग उरला. भाची केव्हा उठून आमच्यात आली ते कळलंच नाही.

वहिनी तो ढीग पाहत राहिली. "एवढी माणसं गेली इथून, जवाईबापू?"

"गेली ना," नवरा म्हणाला. "म्या पाह्यली. चहा मात्र कोणी घेतला नाई."

मंडळाची गाडी निघून गेली. वहिनी उठून कडुनिंबाखाली गेली. सगळ्यांनी मोडून मोडून खालच्या डहाळ्या संपल्या होत्या आणि तिचा हात पोचत नव्हता. नवरा घरातून कोयता आणायला निघाला तसं तिनं त्याला हातानंच थांबवलं आणि मला म्हणाली, "बाई, वाकवा जरा." मी खुर्चीवर चढून फांदी वाकवली. तिनं डहाळी मोडली. ती ओली होती, पटकन तुटेना, साल ओढत तुटली.

तिनं ती ढिगावर टाकली नाही. नीट, दोन्ही हातांनी ठेवली, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी. क्षणभर उभी राहिली. मग पदर खांद्यावरून घेतला आणि रस्त्याला लागली. कुठं निघाली ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ती या गावात कुठंच गेली नव्हती. मी चपला घालून तिच्या मागं धावले.

ती चौकाकडे चालत होती. चौकात होळी रचत होते म्हणून रस्ता दोरी बांधून अडवला होता. तिथून परत फिरावं लागलं असतं. ती परत फिरली नाही, डावीकडच्या गल्लीत वळली. मग मला उमगलं की आता घरी पोचेपर्यंत ही मागं वळणार नाही आणि मलाही वळू देणार नाही. म्हणजे सगळं फिरून मागच्या बोळातून घर गाठायचं. कोटाच्या भिंतीच्या कडेकडेनं आम्ही दोघी चाललो. पिचकाऱ्यांची दुकानं लागली, म्हशींचा गोठा लागला. ऊन चढत होतं आणि तिच्या पायांत काही नव्हतं. मी माझ्या चपला देऊ केल्या, तिनं घेतल्या नाहीत. मी तिच्या एक पाऊल मागं होते आणि रडत होते. रस्त्यानं रडत जायची माझी पहिलीच वेळ, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

मागच्या बोळात शिरल्यावर ती बोलायला लागली. पुढं पाहतच, जसं काही समोर कुणी बसलं आहे.

"त्या दिवशी मी पुढं होती, बाई. ते मांगं. माह्या टोपल्यातलं सांडून राह्यलं होतं, अन् ते वेचत येत होते मांगून. म्या म्हटलं, चाला ना लवकर, ऊन होते. हो म्हणले. दोन पावलं गेली असन. आवाज नाई, काई नाई. म्या मांगं वळून पाह्यलं त नोहोते."

बोळ संपत आला होता. आमच्या घराचं मागचं दार दिसत होतं.

"तवापासून पाहूनच राह्यली मी मांगं. रोज पाहतो. रोज नसतेत." ती दारापाशी थांबली. हात कडीवर ठेवला आणि तशीच उभी राहिली, तोंड दाराकडे. "आज नाई पाह्यलं. आज असतीन ते मांगं."

मी तिच्या मागंच उभी होते. मीही वळून पाहिलं नाही. तिनं कडी काढली, आणि दार आमच्यामागं थोडा वेळ उघडंच ठेवलं.